खातं परदेशात, राग घरात

वाचकाचं पत्र:

ताई, मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, राहतो चिंचवडला, वय 49. पगार हातात यायच्या आधी टीडीएस कापून जातो, आयुष्यात एक रुपया चुकवलेला नाही. 2016 ला पनामा पेपर्स आले, परदेशातल्या छुप्या कंपन्यांचे कागद फुटले, तेव्हा वाटलं, आता पैसा लपवणारे हे मोठे मासे सापडणार. मग तसेच पॅराडाइज पेपर्स, मग पँडोरा. काय झालं? यंदा आमच्या शॉपमधल्या पंधरा-वीस जणांनी एका एजंटाला फॉर्म 16 दिलाय. तो राजकीय पक्षाला देणगी दिल्याचं दाखवून रिफंड काढून देतो, दहा टक्के त्याचे. मीही देणार होतो. जेवताना हे बोललो, तर मुलगी म्हणाली, "बाबा, म्हणजे तुम्ही पनामाच करताय, फक्त परवडणारा." मी ओरडलो आणि ताटावरून उठलो. आठ दिवस झाले, ती बोलत नाही. ती मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकते, तिकडे एमएसला जायचंय. 2013 ला कंपनीने मला दीड वर्ष श्टुटगार्टला पाठवलं होतं, तिथल्या बँकेत माझे चार-साडेचार हजार युरो पडून आहेत, ते तिच्यासाठीच ठेवलेत. आणि ती मला पनामा म्हणते! सांगा, आम्ही पगारदारच मूर्ख का?

उत्तर:

नमस्कार.

मूर्ख नाही आहात. तेवढं आधी मिटवून टाकू, म्हणजे पुढचं बोलता येईल.

तुमच्या रागाला आकड्यांचा आधार आहे. पनामा पेपर्स 3 एप्रिल 2016 ला फुटले. मोसॅक फोन्सेका नावाच्या पनामातल्या वकिली फर्मची 1 कोटी 15 लाख कागदपत्रं, त्यांत दोन लाखांवर कंपन्या आणि ट्रस्ट, आणि आपल्याकडची पाचशेच्या आसपास नावं. दीड वर्षाने पॅराडाइज. डिसेंबर 2021 मध्ये सरकारने संसदेत सांगितलं की या दोन्ही फुटींतल्या भारताशी संबंधित 930 प्रकरणांत मिळून 20,353 कोटींच्या अघोषित रकमा सापडल्या, आणि तोवर कर वसूल झाला 153 कोटी 88 लाख. सापडलेल्या रुपयामागे पाऊण पैसा. सापडलेली सगळी रक्कम म्हणजे कर नव्हे, अपिलं वर्षानुवर्षं चालतात, हे मला कळतं. माझी निम्मी हयात करसल्लागार म्हणून अशा अपिलांच्या फायली बांधण्यात गेली. तरीही साडेपाच वर्षांत पाऊण पैसा! तुमच्याकडे मात्र पगाराची स्लिप छापायच्या आधीच आयकर खातं हजर.

तेव्हा राग यावा की नाही, हा प्रश्नच नाही. पण तो नेमका कशाचा, हे तुमच्या पत्रात थोडं घसरलंय. तुम्ही लिहिता, मोठे मासे "पैसा" लपवतात. मी जे पाहिलं त्यात लपवलेलं होतं ते नाव.

1998 ची गोष्ट. अप्पा बळवंत चौकाजवळ आमचं ऑफिस होतं, खाली पुस्तकांची दुकानं, वर आम्ही आणि आमचा खडखडणारा पंखा. एक कारखानदार आले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं, मग त्यांनी रेक्झिनच्या फोल्डरमधून एक सर्टिफिकेट काढलं. ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्स, म्हणजे कागदी कंपन्यांसाठी प्रसिद्ध असलेली बेटं, तिथली कंपनी. जाड कागद, सोनेरी ठसा, लाल फीत. नाव एखाद्या बोटीला शोभेल असं. मी वरपासून खालपर्यंत वाचलं, यांचं नाव कुठेच नाही. संचालक म्हणून एका बाईचं नाव, स्पॅनिश वळणाचं.

"या कोण?"

"कोण जाणे."

"मग ही कंपनी तुमची कशी?"

त्यावर ते जे हसले ते अजून डोळ्यांपुढे आहे. "माझी नाहीच, मॅडम. तेच तर!"

शेअर होते ते बेअरर, म्हणजे कागद ज्याच्या हातात तो मालक. त्यांना एवढंच हवं होतं की या कंपनीतला पैसा इथल्या कारखान्यात कर्ज म्हणून कसा आणायचा, ते मी सांगावं. तेव्हा परकीय चलनासाठी फेरा कायदा होता, त्याच्या जागी फेमा यायचा होता. मी नाही म्हटलं. शौर्य म्हणून सांगत नाही. हातपाय गार पडले म्हणून नाही म्हटलं. ते दुसऱ्या कुणाकडे गेले असणार आणि तिथे त्यांचं काम झालंही असणार. पुढे मोसॅक फोन्सेकाच्या बातम्यांत वाचलं की तिथल्या साध्या पगारावरच्या नोकरदार बायका कागदोपत्री हजारो कंपन्यांच्या संचालक होत्या, तेव्हा मला ते स्पॅनिश नाव आठवलं. तीच बाई असेल असं नाही म्हणत. पण त्या बाईचाही टीडीएस कापला जात असेल का, असं मनात येऊन गेलं.

हा पैसा तिथे पोचतो कसा, हे तुमच्यासारख्या कारखान्यातल्या माणसाला चटकन समजेल. बाहेरून यंत्र मागवायचं. खरी किंमत 60 लाख. विक्रेत्याशी संगनमत करून बिल करायचं एक कोटीचं. बँकेतून राजरोस एक कोटी जातात. 60 विक्रेत्याला, 40 त्या बोटीच्या नावाच्या कंपनीला. इथे वर घसारा, म्हणजे यंत्र झिजल्याची वजावट, घ्यायचा तो पूर्ण कोटीवर, म्हणजे करातही सूट. निर्यातीत हेच उलट, कोटीचा माल सत्तर लाखांना गेल्याचं दाखवायचं. पोती नाहीत, तळघर नाही, विमानतळावर धडधडणारी छाती नाही. आणि मग तोच पैसा सूटबूट घालून "परदेशी गुंतवणूकदार" म्हणून परत येतो, आपण त्याला बसायला गादी देतो.

या परतीच्या वाटेवरचं मोठं स्टेशन कित्येक वर्षं मॉरिशस होतं. 1982 च्या करारानुसार मॉरिशसमधल्या कंपनीने इथले शेअर विकून नफा कमावला तर कर लावायचा हक्क मॉरिशसचा, आणि मॉरिशस तो लावत नव्हतं. बारा-तेरा लाख वस्तीचं बेट भारतात गुंतवणूक करणाऱ्या देशांत पहिल्या रांगेत बसायचं ते उगीच नाही. (तिथे आपली मराठी माणसं पिढ्यान् पिढ्या राहतात, गणपती बसवतात, त्यांना यातलं काही मिळालं असेल असं वाटत नाही.) हा दरवाजा आपण मे 2016 मध्ये कराराला दुरुस्ती करून ओढून घेतला, तोही 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरपुरता. म्हणजे चौतीस वर्षं तो कायद्यानेच उघडा होता. इथे कुणी चोरी केली म्हणायची?

खरा घोळ इथेच आहे. करचोरी वेगळी, कायद्याच्या फटीतून कर टाळणं वेगळं, आणि आपला राग दोघांना एकाच काठीने हाणतो. तुमच्याकडे हचचा फोन होता का? माझ्याकडे होता, जाहिरातीतल्या त्या पगच्या प्रेमात पडून घेतलेला. 2007 मध्ये ती कंपनी व्होडाफोनने घेतली, व्यवहार 11 अब्ज डॉलरच्या घरातला. ग्राहक इथले, टॉवर इथले, कचेरी मुंबईत. विकला गेला तो केमन बेटांवरच्या एका कंपनीचा एकुलता एक शेअर. आयकर खात्याने 11 हजार कोटींवर कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने 2010 मध्ये खात्याची बाजू घेतली, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2012 मध्ये व्होडाफोनची. सरकारने मग मागच्या तारखेपासून कायदाच बदलला, त्यावर जगभर आपली शोभा झाली, आणि ऑगस्ट 2021 मध्ये तो बदल निमूट मागे घेतला. आमच्या धंद्यातल्या लोकांनी त्या निकालाची पारायणं केली. माझं मत विचाराल तर न्यायालयाने कायदा होता तसा वाचला, आणि कायदा वाईट होता. ज्यांनी फट वापरली त्यांच्यापेक्षा ती इतकी वर्षं ज्यांनी उघडी ठेवली त्यांच्यावर मी जास्त चिडते.

केमनमध्येच अग्लंड हाउस म्हणून एक पाच मजली इमारत आहे. अमेरिकेच्या सरकारी तपासनिसांनी 2008 मध्ये मोजलं तेव्हा तिथल्या पत्त्यावर 18 हजारांहून जास्त कंपन्या नोंदलेल्या होत्या. आपल्या चाळीत एका खोलीत दहा माणसं राहायची ते परवडलं.

आता रागाचं पुढे काय होतं ते. आइसलँडचं उदाहरण मला आवडतं, कारण तो देश जेमतेम पिंपरी-चिंचवडच्या पाचव्या हिश्श्याएवढा, 3 लाख 30 हजारांचा. 2008 मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या बँका बुडाल्या, माणसं कर्जात गेली. पनामा पेपर्समधून कळलं की पंतप्रधान सिग्मुंडूर गुन्लाउग्सोन आणि त्यांच्या बायकोची व्हर्जिन आयलंड्समध्ये विन्ट्रिस नावाची कंपनी होती, आणि तिचे पैसे त्या बुडालेल्या बँकांकडे येणे होते. ज्या घेणेकऱ्यांशी सरकार वाटाघाटी करत होतं त्यांच्यात पंतप्रधानांचंच घर! आपला निम्मा हिस्सा त्यांनी 2009 च्या शेवटच्या दिवशी बायकोला एका डॉलरला विकला होता. बेकायदा काही केलं नाही असं ते शेवटपर्यंत म्हणत राहिले. 4 एप्रिलला हजारो माणसं संसदेसमोरच्या चौकात जमली, भांडी वाजवली, अंडी फेकली. 5 तारखेला पंतप्रधान पायउतार.

त्या लोकांनी घरी जाऊन आपल्या रिटर्नमध्ये खोटी देणगी घातली नाही, एवढंच मला तुम्हाला सांगायचंय.

तुमचा एजंट काय करतो ते बघा. जुन्या करप्रणालीत पक्षाला दिलेली देणगी पूर्ण वजा मिळते. तो तुमच्या नावावर एक आकडा टाकतो, पावती असते किंवा नसतेही, रिफंड येतो. दहा टक्के त्याचे, आणि जबाबदारी शंभर टक्के तुमची, कारण रिटर्न तुमच्या पॅनवर आहे, ओटीपी तुम्ही दिलाय. जुलै 2025 मध्ये खात्याने अशाच खोट्या वजावटींसाठी देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली. त्यात एक गोष्ट पुढे आली ती तुमच्या शॉपमध्ये जरूर सांगा: हे एजंट रिटर्न भरताना स्वतःच काढलेला तात्पुरता ईमेल देतात आणि काम झालं की तो सोडून देतात. नोटिसा तिथे येऊन पडतात, तुम्हाला पत्ताही नसतो. उत्पन्न चुकीचं दाखवलं असं ठरलं तर बुडवलेल्या कराच्या दुप्पट दंड, वर कर आणि व्याज वेगळं. ज्यांनी भरून टाकलंय त्यांनी मुदत असेल तर सुधारित रिटर्न भरावं. मुदत गेली असेल तर अपडेटेड रिटर्नची सोय आता चार वर्षांपर्यंत आहे, पण जितका उशीर तितका जादा भार, 25 टक्क्यांपासून 70 टक्क्यांपर्यंत. आधी ई-फायलिंगच्या पोर्टलवर जाऊन आपला ईमेल आणि मोबाइल नंबर कोणाचा आहे ते बघा म्हणावं.

दंडाचं मी आधी सांगितलं, कारण माझा धंदा तो. पण तुम्ही दंडाला भिऊन पत्र लिहिलेलं नाही. मुलीचं वाक्य लागलं म्हणून लिहिलंय. ते लागलं, कारण माप बरोबर बसलं. त्या कारखानदाराच्या कागदावर खरा मालक नव्हता, तुमच्या कागदावर खरी देणगी नसेल. तुमचे वीस-तीस हजार आणि त्यांचे कोट्यवधी एका तराजूत घालणं अन्याय आहे हे खरं. ती अजून लहान आहे, तराजू जरा भसकन खाली आदळते. चालायचंच.

आता ज्या ओळीसाठी मी तुमचं पत्र मुद्दाम निवडलं ती. श्टुटगार्टच्या बँकेत चार-साडेचार हजार युरो. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पगारदार म्हणजे तुम्ही रिटर्नचा आयटीआर-1 फॉर्म भरत असणार, ज्याचं नावच "सहज" आहे. परदेशात खातं असलेल्या निवासी करदात्याला तो फॉर्म चालतच नाही. आयटीआर-2 लागतो आणि त्यातलं परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट, शेड्यूल एफए, भरावं लागतं. खात्यात शंभर युरो असले तरी, आणि करपात्र उत्पन्न नसलं तरीसुद्धा.

दचकू नका. तिथे राहत असताना उघडलेलं खातं पुढे ठेवायला फेमात मुभा आहे. 2015 चा काळ्या पैशाचा कायदा कडक आहे: लपवलेल्या परदेशी मालमत्तेवर 30 टक्के कर, त्या कराच्या तिप्पट दंड, आणि नुसतं परिशिष्ट कोरं ठेवल्याबद्दलही दहा लाख. पण लहान बँकखात्यांना त्या दहा लाखांतून पहिल्यापासून सूट होती, पाच लाखांपर्यंत शिल्लक असली तर. 1 ऑक्टोबर 2024 पासून घर-जमीन सोडून एकूण वीस लाखांपर्यंत ती वाढवली. तुमची रक्कम त्यात बसते. तरी नोंद करणं चुकत नाही, आणि व्याज मिळालं असेल तर ते उत्पन्नात धरायचं. मागच्या वर्षांचं काय करायचं ते चांगल्या सीएला सगळे कागद दाखवून ठरवा, एजंटाला नव्हे.

आणि हे कुणाला कळणार, असं मनात आलं असेल तर: 2017 पासून देश एकमेकांना बँकखात्यांची माहिती आपोआप पाठवू लागले, आता ते शंभरावर आहेत, जर्मनी पहिल्या वर्षापासून, आपल्याला स्वित्झर्लंडही 2019 पासून. नोव्हेंबर 2024 मध्ये खात्याने अशा माहितीवरून हजारो करदात्यांना एसएमएस आणि ईमेल पाठवून परिशिष्ट भरायची आठवण केली. त्यात बडे होतेच, पण तुमच्यासारखे ऑनसाइट जाऊन आलेले आणि अमेरिकन कंपनीचे शेअर बोनसमध्ये मिळालेले आयटीवालेही होते. ही माहिती बँकखात्यांची जाते, फ्लॅटची अजून जात नाही. म्हणून हुशार पैसा दुबईत विटा-सिमेंट झाला. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तुम्ही म्हणाल. थोडंसं आहेच तसं, नाकारत नाही.

ते परिशिष्ट उघडलंत की एक रकाना दिसेल. बँकेचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वाधिक शिल्लक, आणि या सगळ्यांच्या मध्ये "स्टेटस": तुम्ही मालक, लाभार्थी मालक, की नुसते लाभार्थी? त्या रेक्झिनच्या फोल्डरवाल्याने हजारो डॉलर मोजले ते या एका रकान्यात आपलं नाव येऊ नये म्हणून. तुम्हाला तिथे एक शब्द भरायचाय, मालक. वर्ष मात्र कॅलेंडरचं धरायचं, जानेवारी ते डिसेंबर. आपल्या मार्च-एप्रिलच्या सवयीने इथे भलेभले चुकतात.

राग कुठे न्यायचा, असं विचाराल तर माझ्याकडे आइसलँडचा चौक नाही. पण तो 153 कोटी 88 लाखांचा आकडा सरकारने आपणहून दिलेला नव्हता. संसदेत प्रश्न आला म्हणून मिळाला. आपल्याकडे कंपन्यांमागच्या खऱ्या मालकांची नोंद करायचे नियम 2018 पासून आहेत, दहा टक्के आणि वर हिस्सा असेल तर. ती नोंद तुमच्या-माझ्यासारख्याला सहज का बघता येत नाही, आणि 2021 नंतर तो आकडा किती झाला, हे आपल्या खासदाराला पत्र लिहून विचारा. पोस्टकार्डसुद्धा चालेल. मी दोनदा लिहिलंय. एकदा छापील पोच आली. दुसऱ्यांदा तीही नाही. तिसरं टेबलावर आहे.

आणि मुलगी. तिच्याकडे जाऊन "तुझं बरोबर होतं" असं म्हणायला जड जाईल, मला माहीत आहे, आमच्याही घरी वडील होते. म्हणू नका. जर्मनीच्या व्हिसासाठी तिला ब्लॉक्ड अकाउंट लागेल, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणारं खातं, 2025 मध्ये ते वर्षाला 11,904 युरोचं होतं. ते पैसे तुम्ही इथून बँकेमार्फत पाठवाल, तुमच्या पॅनवर, म्हणजे त्याच्या आधी हे श्टुटगार्टचं प्रकरण स्वच्छ झालेलं बरं. त्यासाठी तिथल्या बँकेकडून 31 डिसेंबरच्या शिल्लकीचं आणि व्याजाचं पत्र मागवावं लागेल. बारा वर्षांपूर्वीचं तुमचं जर्मन आता "गुटन मॉर्गन"च्या पुढे जात नसणार. घरात जर्मन येणारं एक माणूस आहे. सध्या बोलत नाही, पण पत्र लिहून द्यायला हरकत घेईल असं वाटत नाही.